टर्बो गाडी दिसली की गाव शिव्या देतं: नेमकं चुकतं कुठं?

पऱ्हाटी_टर्बो (धागा सुरू)

पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, व्हर्टस, म्हणजे हवा दाबून इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या टर्बो गाड्या, यातलं काहीही फाट्यावर वळलं की पानठेल्यावरचं वाक्य ठरलेलं असतं: "बापाच्या पैशाले पाय फुटले." पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं दोघांचा जीव घेतला. तेव्हापासून तर आपल्याकडच्या आडगावातही स्टीअरिंगमागे कोवळा चेहरा दिसला की निकाल आधीच लागलेला असतो.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. मृतांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे. कारण म्हणून ७१ टक्क्यांच्या वर मृत्यूंपुढं अतिवेग लिहिलेला.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. गाव ज्यावर चिडतं, म्हणजे फटाके फोडणारा सायलेन्सर, काळी फिल्म, उभ्या गाडीवर मारलेली रेस, त्यानं सहसा कोणी मरत नाही. ज्यानं मरतात ते गावाला दिसत नाही. शांत सायलेन्सरची गाडी ९५ नं गावातून निघून गेली तर कोणी तक्रार करत नाही, आणि ४० नं जाणारी आवाजवाली गाडी सरपंचापर्यंत पोचते.

धाग्याचा नियम एकच. स्वतःचे किस्से नको. मापं, भाग, आणि काय बिघडतं, कशानं बिघडतं ते लिहा.

बंडीवाला

राजेहो, गावाले दिसत नाही म्हणू नोका. एसटी टेकाडावर दिसली की ती फाट्यावर कवा येते हे म्हाताऱ्याले पाठ रायते. ट्रॅक्टर २०-२५ नं येते, बंडी माणसाच्या चालीनं, लालपरी ५०-६० नं. माणूस रस्त्यात पाय टाकते तवा त्याच्या डोक्यात हेच तीन वेग असते. तुमी ९५ नं येता. तुमाले वाटते हा आडवा काहून आला, त्याले वाटते हा कुठून उगवला.

अन् तो दुचाकीचा आकडा तुमच्या बाजूनं मांडू नोका. मेले ते दुचाकीवाले, पण धडक कोणाची होती ते त्या एका आकड्यात दिसत नाही.

पऱ्हाटी_टर्बो

दुचाकीबद्दलचं मान्य. आकडा तिथं ठेवायला नको होता.

लालपरी_निवृत्त

बंडीवाल्या भाऊंच्या मुद्द्याला मोजमाप लावतो.

गावातला रस्ता ७ मीटरचा धरा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे ओलांडायला ६ सेकंद. तेवढ्यात ६० नं येणारी गाडी १०० मीटर येते आणि १०० नं येणारी १६५ मीटर. म्हातारी बाई, डोक्यावर चाऱ्याचा भारा, ०.९ मीटरची चाल, तर ८ सेकंद. १०० च्या गाडीला तेवढ्यात २२० मीटर मिळतात. एवढ्या लांबची गाडी पाहून कोणीही म्हणेल, जाऊ दे, निघते मी.

आणि सरळ समोरून येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळतच नाही. डोळा गाडीचं मोठं होत जाणं पाहतो, आणि २०० मीटरवर ते मोठं होणं नगण्य असतं. शेवटच्या ४०-५० मीटरात गाडी एकदम फुगल्यासारखी वाटते. त्यात हॅचबॅक बुटकी, पुढून लहान. एसटी रुंद आणि उंच, म्हणून तीच जवळ वाटते. तरुण चालकाला वाटतं समोरच्यानं पाहिलं, मग तो आडवा कसा येईल? त्यानं पाहिलेलं असतं. वेग पाहिलेला नसतो.

यावर चालवणाऱ्यानं करायचं काय? गावाची पाटी दिसली की, साधारण ३०० मीटरवर, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. पहिल्या घराशी ४०. हॉर्न एकदा, आखूड, १५० मीटरवरून. अगदी जवळ येऊन लांब हॉर्न मारला की माणूस थिजतो नाहीतर मागे पळतो, आणि मागे पळणारा जास्त धोक्याचा, कारण तुम्ही त्याच्या मागूनच काढायचं ठरवलेलं असतं. थांब्यावर एसटी उभी असेल तर तिच्या बाजूनं ३० च्या वर नाही. उतरलेली माणसं बसच्या पुढून ओलांडतात आणि बसच्या नाकापर्यंत तुम्हाला दिसत नाहीत. एक पोरगं पळत गेलं की दुसरं त्याच्यामागे येतंच. बकरीचंही तेच.

त्रैराशिक

थांबायचं गणित एकदा मांडून ठेवतो, पुढं कामी येईल. कोरडं डांबर, चांगले टायर, धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १.५ सेकंद.

६० ला एकूण ४५ मीटर. ८० ला ७०. १०० ला ९८. १२० ला १३० च्या थोडं वर.

आता पोरांना जे पटत नाही ते. ४५ मीटरवर ट्रॉली उभी आहे. ६० वाली गाडी तिला टेकून थांबते. ८० वाली त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ६५ असतो. २० किलोमीटर जास्त होते, धडक २० ची नाही होत, ६५ ची होते. कारण पहिले ३३ मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेलेले असतात.

रस्त्यावर बारीक गिट्टी किंवा ओल असली तर ८० चं अंतर ९५ च्या पुढं जातं आणि १०० चं १४० पर्यंत. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पसरते, ती तर याहूनही वाईट. तिच्यावर ग्रीस लावल्यासारखं होतं.

लो बीममध्ये, म्हणजे डीपवर, दिवा नसलेली, मातीच्या रंगाची वस्तू ५० मीटरच्या आसपास उमगते. वरची यादी परत पाहा. रात्री समोरून गाडी असताना डीप केलं की ६० च्या वर जाणं म्हणजे न दिसणाऱ्या जागेत गाडी घालणं. या हिशेबात इंजिन कुठंच येत नाही. ८०० सीसीची जुनी गाडी असो की १५० पीएसची, सूत्र तेच.

टॉर्क_मॅन

इंजिन येत नाही हे अर्धच खरं. ओव्हरटेकला येतं.

ट्रक ६० नं चाललाय. त्याच्या मागचं अंतर, त्याची लांबी, पुढं सुटायची जागा मिळून ५० मीटर कापायचे. तुम्ही ८० नं काढलं तर ९ सेकंद, तुमचे २०० मीटर, समोरच्या ८० वाल्याचे २०० मीटर. ४०० मीटर मोकळा रस्ता लागतो. ९० नं काढलं तर ६ सेकंद आणि २८५ मीटर. म्हणजे ताकद असलेली गाडी उलट्या बाजूला कमी वेळ राहते. ही गोष्ट टीका करणारे कधी सांगत नाहीत.

पण टर्बोचा खोडा असा की चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, १,५०० च्या आसपास आरपीएमवर पाय दाबला की आधी काही होत नाही. दीड-दोन सेकंद गाडी विचार करते, मग एकदम ढकलते. पोट्टे आधी बाहेर निघतात, मग दाबतात, आणि ताकद येते तेव्हा निम्मी जागा संपलेली असते. गिअर ट्रकच्या मागं असतानाच टाकायचा. तिसरा, आरपीएम २,५०० च्या वर, मग आरसा, इंडिकेटर, बाहेर. डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर मोड एसमध्ये (स्पोर्ट) घ्या किंवा पॅडलनं गिअर उतरवा, पाय पूर्ण दाबला की गाडी आपणच गिअर उतरवते त्या किकडाऊनच्या भरवशावर राहू नका. आणि आत यायची जागा दिसत नसेल तर निघायचंच नाही. दोन ट्रक एका दमात, हा हिशेब सोडा.

लालपरी_निवृत्त

कापसाचा ट्रक असेल तर त्यात भर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिंगणघाट, वणी, यवतमाळच्या जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांचा माल बॉडीच्या बाहेर दोन्हीकडे फुगलेला असतो. चालकाचा आरसा कापसात बुडालेला. तुम्ही त्याच्या बाजूला आहात हे त्याला ठाऊक नाही. तो खड्डा चुकवायला उजवीकडे घेतो तेव्हा तुम्हाला जागा मिळत नाही. हॉर्न आणि डीपरची उत्तरं आल्याशिवाय बाहेर काढू नये. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या टिप्परांचं वेगळं: मागचे दिवे धुळीनं भरलेले, ब्रेक लागलेला दिसत नाही. अंतर दुप्पट.

पानेवाला

गाडीचं मी लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

टायरपासून. हवा सकाळी, गाडी २-३ किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरायची. किती, ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, माणसं-सामान भरलं तर वेगळा आकडा. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत पंपावर मोजलं तर काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो, मग पोरगं हवा सोडायला सांगतं. तीच गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे २७-२८ वर असते आणि १२० नं समृद्धीवर चढते. कमी हवेत टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडण्यानं तापते, तापून थर सुटतात. टायर फुटला म्हणतात तो बहुतेक वेळा जास्त हवेनं फुटलेला नसतो.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. सहा वर्षांच्या वर झाला तर नक्षी शाबूत असली तरी वेगाच्या कामाचा नाही. नक्षीच्या खाचेत उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर, कायद्याची शेवटची रेघ. पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरला बदला. टी अक्षर असेल तर टायर १९० पर्यंतचा, एच २१०, व्ही २४०. टर्बो गाडीवर स्वस्तातला खालच्या अक्षराचा टायर घालणं ही फार दिसणारी चूक. भिंतीवरचं पंक्चर दोरी घालून काढू नका, भिंत गेली म्हणजे टायर गेला. नवीन टायरबरोबर रबरी व्हॉल्व्ह नवा, तो फुकटाच्या भावात येतो.

आता मोठे अलॉय. १८५/६० आर १५ ची भिंत १११ मिलिमीटर. तिथं २१५/४० आर १७ घातला तर बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहते, पण भिंत ८६ वर येते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून डांबर लाटांसारखं होतं आणि कडा तुटतात. त्या कडेवर ८६ ची भिंत रिमपर्यंत दबते. रिम वाकते, भिंतीत आतल्या दोऱ्या तुटून फुगा येतो. फुगा आतल्या बाजूला आला तर महिनाभर कोणाला दिसतही नाही. शोसाठी घातलेला तो टायर १०० च्या वेगात जातो.

स्प्रिंग ३० मिलिमीटर खाली. १६५ चा क्लिअरन्स १३५ वर आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. गावानं रातोरात टाकलेला मुरमाचा गतिरोधक कोणी मोजत नाही. ऑइल सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) आपटला, तेल गेलं, लाल दिवा लागला, तरी घरापर्यंत ओढतात. लाल ऑइलचा दिवा म्हणजे जागेवर चावी बंद. टर्बोचं बेअरिंग तेलाविना काही सेकंदांत जातं.

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं. नवी फाईल टाकून २५-३० टक्के टॉर्क वाढतो, ब्रेक आहेत तेच राहतात. १२० वरून थांबायला ८० च्या सव्वादोन पट उष्णता ब्रेकला खावी लागते. ब्रेक ऑइल डॉट ४ असतं. नवं असताना २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं असलं की १५५ ला उकळतं. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल तळाला. दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सेकंडहँड गाड्यांत ते कोणी बदललेलं नसतं. म्हणून जुनी पोलो घेऊन आधी डाउनपाइपला (टर्बोमागचा धुराचा पाइप) पैसे घालणाऱ्याला मी म्हणतो, आधी ब्रेक ऑइल, पुढचे पॅड (३ मिलिमीटरच्या खाली गेले की बाद), डिस्कची जाडी (किमान माप डिस्कच्या कडेवर कोरलेलं असतं), मग चार टायर. उरलेल्या पैशाचं काय ते नंतर पाहू. आणि सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) कंपनीतूनच २५० वर येते. त्यावर फाईल टाकणं म्हणजे क्लचपॅकचा खर्च आगाऊ कबूल करणं.

दिवे. हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरा एलईडी बल्ब घातला की प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी बसत नाही. प्रकाश पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि आपल्याला गाडीपुढचे २० मीटर लख्ख दिसतात. डोळ्याची बाहुली त्या लख्खपणाला आकसते, पलीकडचं आणखी काळं होतं. वर ५० मीटरचा हिशेब आला, तो इथं ३५ वर येतो, वाटतं मात्र उलट. १००/९० वॅटचा बल्ब मूळ वायरिंगवर घातला तर होल्डर वितळतो. चांगल्या प्रतीचा ६०/५५ हॅलोजन, पिवळी पडलेली काच पॉलिश, आणि रोख बरोबर करा: सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी, चालक बसलेला, नॉब शून्यावर, डीपची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली यायला पाहिजे. मागं माणसं बसली की नॉब १ किंवा २ वर. तो नॉब कशाचा हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

टॉर्क_मॅन

स्टेज वनवाले (नुसता रिमॅप केलेले) सगळे बेजबाबदार असं नाही बरं. पण ब्रेक ऑइलचं पटलं.

रोही_दिसला_का

जनावरांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे रोही (नीलगाय) शेतातून निघतात. तूर उंच वाढली की, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, डांबरापासून दोन हातांवर उभा असला तरी दिसत नाही. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो आणि पाय लांब, त्यामुळे बंपर पायांना लागतो आणि धड बोनेटवरून काचेवर येतं. रानडुकराचं उलट, ते खाली घुसून चाक उचलतं. एक रोही गेला की थांबायचं, मागं कळप असतो.

चुकवायला वळवू नका. ब्रेक सरळ, पूर्ण ताकदीनं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर पेडल थरथरतं, घाबरून पाय उचलतात तिथंच घात होतो, दाबून धरायचं. गिट्टीवर मात्र एबीएसनं अंतर वाढतं हे लक्षात ठेवा.

साइडपट्टीवर डावी चाकं उतरली तर काय? हे दहाजणांत नऊजणांचं चुकतं. स्टीअरिंग उजवीकडे झटका देऊन वर चढवायला जातात. चाकाची भिंत डांबराच्या कडेला घासत अडकते, मग एकदम सुटून चढते आणि गाडी तिरपी समोरच्या बाजूला फेकली जाते. करायचं असं: स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक हलका, ३०-४० वर येऊ द्या, मग तिरपं घेऊन वर.

आणि ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. दाणे छर्ऱ्यासारखे चाकाखाली फिरतात. भोवती दगड लावलेले असतात ते वेगळेच.

बंडीवाला

सोयाबीनचं मान्य हाय, आमची चूक हाय. खळं नाही, पाऊस डोक्यावर, म्हणून डांबरावर टाकतात. तरी दगड उचलाले पायजे.

कलम_१८४

कायद्याचं. रकमा केंद्रीय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहेत त्या. जागेवर भरायचं तडजोड शुल्क राज्य ठरवतं.

अतिवेग, हलकं वाहन: १,००० ते २,०००. धोकादायक चालवणं, कलम १८४: पहिल्यांदा १,००० ते ५,००० किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. चालवताना हातात मोबाइल हाही त्यातच. रस्त्यावर शर्यत, कलम १८९: ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००. आवाज-धुराचे निकष मोडले तर १९०(२): १०,००० पर्यंत. फटाके सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढलेला डाउनपाइप दोन्ही यात येतात. परवानगीविना केलेले बदल, १८२अ(४): प्रत्येक बदलाला ५,००० किंवा सहा महिने. कलम ५२ खाली मूळ रचना बदलता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. काळी फिल्म २०१२ पासून बंद.

बापांनी वाचावं असं कलम १९९अ. अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. "गावातल्या गावात चालवते, शेतापर्यंतच नेते" ही सबब कायद्यात कुठं नाही.

अपघात झाल्यावर पळून जाण्याबद्दल. कलम १३४ म्हणतं जखमीला उपचार मिळवून द्यायची जबाबदारी चालकाची. त्याच कलमात जमावाच्या रोषामुळे शक्य नसेल तर, असा अपवादही लिहिलेला आहे. जमाव अंगावर आला तर तिथं मार खात उभं राहा असं कोणी म्हणत नाही. १०८ आणि ११२ ला फोन करा, सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि माहिती द्या. घरी जाऊन गाडी झाकून ठेवणं हा पळपुटेपणा. आणि गावकऱ्यांसाठी: मदत करणाऱ्याला कलम १३४अ नं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

सर्वेअर_अकोला

विम्याच्या बाजूनं थोडं. पाहणीत आधी लायसन्स, आरसी, मग आरसीवर नसलेले भाग बघितले जातात. न कळवलेले बदल सापडले तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कापला जातो किंवा नाकारला जातो. समोरच्या माणसाची भरपाई बऱ्याच प्रकरणांत कंपनीला आधी द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा मिळते. लायसन्सच नसलेला चालक असेल तर शेत विकायची वेळ येते ती इथं.

सुरक्षेच्या दोन गोष्टी पानेवाल्यांनी सोडल्या. एक, बाजूच्या एअरबॅग सीटच्या पाठीत असतात. ॲक्सेसरीच्या दुकानातलं जाड रेक्झिनचं सीट कव्हर शिवून घातलं की बॅग बाहेर पडायला वाट नाही. दोन, पुढचा लोखंडी गार्ड. डिसेंबर २०१७ पासून त्यावर बंदी आहे. तो धडकेचा जोर चेसिसपर्यंत नेतो, एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळत नाही, आणि पायी माणसाच्या मांडीचं हाड त्या पाइपवर तुटतं. शिवाय बेल्ट न लावता एअरबॅग उघडली तर माणूस आधीच पुढं आलेला असतो, बॅग त्याच्या तोंडावर फुटते. मागच्यांनाही बेल्ट. २०१९ नंतरच्या गाडीत वेग ८० झाला की टिंग आणि १२० झाला की सलग आवाज येतो, तो बंद करून घेणारेही भेटतात. कशाला?

पऱ्हाटी_टर्बो

समृद्धीबद्दल कोणी सविस्तर लिहा. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, विदर्भातले पाच जिल्हे तिच्यावर आहेत आणि "मोकळं करायला" पोट्टे तिथंच जातात.

त्रैराशिक

कारला १२० ची मर्यादा, जड वाहनाला ८०. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ३०० मीटरवर दिसलेला ट्रक २७ सेकंदांत नाकाशी. १६० नं गेलात तर १३-१४ सेकंद. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही, म्हणून डोळा ज्या वेगाची सवय लावून घेतो तो वेग त्याला कमी वाटायला लागतो. इंटरचेंजवरून उतरल्यावर पहिल्या गावात ७० हे ४० वाटतं. उतरल्यानंतरचे पहिले पाच किलोमीटर काट्याकडे पाहून चालवा, अंदाजावर नाही. दोन तासांनी उतरून १५ मिनिटं चालणं, आणि कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक गृहीतच धरणं. वेगच हवा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. लांब पडतात, खरं आहे. तिथं पुढून बंडी येत नाही.

टॉर्क_मॅन

नागपूरकडच्या पोट्ट्यानं ट्रॅक डेसाठी चेन्नईला जायचं, हजारेक किलोमीटर. विदर्भात एक ट्रॅक का नको, हाही प्रश्न आहे की नाही?

त्रैराशिक

आहे. पण तो नाही म्हणून राज्य मार्ग ट्रॅक होत नाही.

लालपरी_निवृत्त

गतिरोधकाबद्दल गावकऱ्यांनी एक समजून घ्यावं. स्वतः मुरूम टाकू नका, रात्री दुचाकीवाला त्यावर पहिला पडतो. रस्ता कोणाचा ते आधी पाहा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ग्रामसभेचा ठराव, जागेचा किलोमीटर क्रमांक, शाळा किंवा थांबा असेल तर तसं लिहून अर्ज, आणि एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. म्हणून लहान अपघातही पोलिसांत नोंदवा. आपसात मिटवला की कागदावर रस्ता निर्दोष राहतो.

बंडीवाला

हे कामाचं सांगतलं. आता आमच्याकडून काय पायजे तेही सांगा. ट्रॉलीले अन् बंडीले पट्टी कोणती, कुठं?

पानेवाला

भाऊ, दोन इंची रिफ्लेक्टिव्ह टेप, ऑटो पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. ट्रॉलीला मागच्या फाळक्याच्या दोन्ही कडांना उभी आणि खालून आडवी, म्हणजे रुंदी कळते. फाळका उघडून माल भरता तेव्हा ती टेप झाकली जाते, म्हणून चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवरही लावा. आधी पृष्ठभाग थिनरनं पुसून कोरडा करा, गंजावर चिकटत नाही. बंडीला मागच्या आडव्या लाकडावर खिळ्यानं पत्र्याची पट्टी ठोका आणि टेप पत्र्यावर, सरळ लाकडावर पहिल्या पावसात सुटते. जमिनीपासून दोन फुटांच्या वर ठेवा, खाली चिखल उडतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा.

ट्रॉली रस्त्यात बिघडली तर मागं ५० मीटरवर त्रिकोण किंवा निदान काट्याची फांदी, आणि निघताना ती फांदी अन् दगड उचलून न्यायचे. रात्री मागं राहिलेला तो दगडच दुसऱ्या कोणाला तरी पाडतो.

बंडीवाला

पोळ्याच्या आधी बंडी धुतोच, बैलाचे शिंगं रंगवतो, तवाच लावून टाकतो. पत्र्याची गोष्ट ध्यानात नव्हती. पांढरी मागं लागली तं चालते का? गावात दुकानात तीच पडून हाय.

पानेवाला

नाही चालत. मागं पांढरी दिसली की येणाऱ्याला वाटतं बंडी समोरून येऊन राहिली, आणि तो आपल्या बाजूनं सरळ येत राहतो. लालच आणा.